चारपैकी पावणेदोन

चार दिवस आभाळ नुसतं दाटून बसलं होतं. पडायचं नाव नाही आणि हटायचंही नाही. असल्या हवेत पुस्तकबांधणीच्या कामाचे हाल होतात. कागद ओल धरतो, पुठ्ठा पोट काढून बसतो आणि सकाळी खळ लावलेली पाठ संध्याकाळीसुद्धा बोटाला चिकटते. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन पावणेदोननं कारखान्याचं दार उघडलं, तेव्हा आतल्या कोंदट वासानंच त्याला कळलं की शनिवारचा माल वाळलेला नाही. तरी त्यानं दिवे लावले, थप्प्यांवरची लोखंडी वजनं एकेक करून उतरवली आणि वरचं पुस्तक कानाशी नेऊन उघडलं. वाळलेली पाठ पहिल्यांदा उघडताना करकरते. ही गप्प राहिली. त्यानं वजनं पुन्हा चढवली, कमरेवर हात ठेवून अंग मागं ताणलं आणि शिवायच्या टेबलाशी बसून सुईत दोरा ओवायला घेतला. तिसऱ्या खेपेला ओवला गेला.

त्याला खरं नाव होतं. पगाराच्या कागदावर ते छापूनही यायचं. पण कारखान्यात कुणी त्या नावानं हाक मारली असती तर कोण नवीन आलंय म्हणून त्यानंच मागं वळून पाहिलं असतं. पावणेदोन हे नाव पडलं सिनेमापायी. दर रविवारी सिनेमा बघायचा आणि सोमवारी त्याला चारपैकी गुण द्यायचे, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. गुण कधी सरळ आकड्यात नसत. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन. त्यातही पावणेदोन इतक्यांदा यायचे की शेवटी ते त्यालाच चिकटले. चार त्यानं आजवर कुणालाच दिले नव्हते. "चार देऊन टाकले तर पुढच्या रविवारी कशाला जायचं?" असं तो म्हणायचा. त्याची बायको या फंदात कधी पडली नाही. "अडीच तास अंधारात बसून दुसऱ्याची रडगाणी ऐकायची, ते घरातसुद्धा होतं की," एवढंच तिचं मत, आणि ते तिनं लग्नानंतर महिन्याभरातच देऊन टाकलं होतं.

गुण द्यायची पद्धत पावणेदोनची, पण सोमवारपर्यंत थांबायची पद्धत गुण्याची.

गुण्या कटिंग मशीनवर होता. सुतार लोक काटकोन तपासायला जे लोखंडी हत्यार वापरतात, त्याला गुण्या म्हणतात. ते तो कायम खिशात घेऊन फिरायचा आणि कापलेली प्रत्येक थप्पी त्यानं पारखायचा. 'दोन सूत तिरकं' ही त्याची सगळ्यात मोठी शिवी. कागदाला तीच, माणसाला तीच, सिनेमालाही तीच. दोघं जोडीनं सिनेमाला जायला लागले त्या पहिल्याच रविवारी, थेटराच्या पायऱ्या उतरता उतरता पावणेदोन डोळे पुसत म्हणाला होता, "काय सिनेमा आहे रे!" गुण्यानं त्याला तिथंच गप्प केलं. "ओलं मत उघडू नकोस. रात्रभर वजनाखाली ठेव. सकाळी वाकडं झालं नाही तर बोल."

तेव्हापासून रविवारी दोघं मुक्यानं घरी जायचे आणि सोमवारी टेबलाशी तोंडं उघडायचे. एकदा उघडली की दुपारपर्यंत मिटायची नाहीत. पावणेदोनला डोळ्यांतून पाणी काढणारा सिनेमा आवडायचा आणि गुण्याला तो हटकून तिरका वाटायचा. तीस वर्षांत दोघांचं एकदाही जुळलं नाही. एका आंधळ्या बासरीवाल्याच्या सिनेमापायी तर अकरा दिवस अबोला होता. बाराव्या दिवशी गुण्या आपणहून आला आणि म्हणाला, "बासरी बरी वाजवतो. बाकी सगळं तिरकंच." यालाच त्यांच्यात समेट म्हणत.

आठ महिन्यांपूर्वी गुण्या सकाळी अंथरुणातून उठायला गेला आणि उजव्या अंगावर कोसळला. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. एकच शब्द जिभेवर राहिला, तो म्हणजे 'हो'. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, पण समजतंय किती ते सांगता येणार नाही.

पावणेदोन रविवारी आता एकटा जायचा. शेजारच्या खुर्चीवर छत्री ठेवायचा, म्हणजे कुणी बसत नाही. आणि सोमवारी काम सुटलं की गुण्याच्या घरी जाऊन, त्याची दाढी करता करता, त्याला सगळा सिनेमा सांगायचा.

साडेआठपर्यंत माणसं जमली. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालणारी मावशी हातात हाडाची पट्टी घेऊन समोर बसली. पट्टीचा पहिला झपाटा कागदावर ओढतानाच तिनं सुरुवात केली.

"हं, बोला पावणेदोन. काल कुठला?"

"लिफ्टवाल्याचा."

"तो होय? माझ्या सुनेनं पाहिला. डोळे सुजवून आली."

"सुजणारच. आई मरते त्याची."

"मध्यंतराच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग नंतर राहिलं काय?"

"नंतर तो लिफ्ट चालवतो."

"म्हणजे वर-खाली, वर-खाली." मावशीनं पट्टीनंच करून दाखवलं. "एवढ्यासाठी माणसं पदरचे पैसे घालतात."

मागून फोरमन आला. तो वयानं लहान, म्हणून पावणेदोनला काका म्हणायचा. "काका, आणि मागच्या वेळचा तो पुराचा? माझा मेहुणा म्हणतो झकास आहे."

"दीड. हिरो पुरात पडतो, अर्धा कोस वाहत जातो, वर येतो, आणि शर्टाची इस्त्री जशीच्या तशी."

"तुम्ही सिनेमा बघायला जाता की धुणं?" मावशी म्हणाली. "आणि तो दोन बहिणींचा?"

"सव्वादोन. थोरलीनं काम चांगलं केलंय. धाकटी दर वाक्याला केस मागं सारते. केस सारले की विचार केल्यासारखं दिसतं, असं तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय."

"आणि लिफ्टवाल्याला?"

"पावणेतीन."

"बरोबर आहे," फोरमन म्हणाला.

"अगदी बरोबर," मावशी म्हणाली. "माझी सून पण तेच म्हणत होती."

पावणेदोननं दोरा दातानं तोडला. हल्ली हे असंच व्हायचं. तो म्हणेल ते बरोबर. कटिंग मशीनवर नवा माणूस होता, तो कानात गाणी घालून काम करायचा. त्याला पावणेतीन काय आणि पावणेदोन काय. लिफ्टवाल्याच्या सिनेमात आई मेल्यावर जे लांबलचक गाणं येतं ते पार फसलंय, हे पावणेदोनला स्वतःला ठाऊक होतं. गुण्या असता तर त्यानं त्या गाण्यावरूनच अर्धा गुण कापला असता, आणि मग पावणेदोनला आईच्या बाजूनं भांडता आलं असतं. आता भांडायला कुणी नाही म्हटल्यावर ते पावणेतीन त्याचे त्यालाच भीक घातल्यासारखे वाटले.

दहाच्या सुमाराला फोरमन पुन्हा आला. हातात एक बांधलेलं पुस्तक होतं आणि चेहरा जरा अवघडलेला.

"काका, हे तुमच्या हातचं ना? गेल्या आठवड्यातली कादंबरी."

पावणेदोननं पुस्तक घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, पानं चाळली आणि त्याचा हात थांबला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं असतं. फर्मे ओळीनं लावायचे आणि मग शिवायचे. यात आठवा फर्मा आधी आला होता आणि सातवा त्याच्या मागं. शहाण्णव पानानंतर एकदम एकशे तेरा, मग पुन्हा सत्त्याण्णव. तीस वर्षांत असं त्याच्या हातून झालं नव्हतं.

"किती झाली असतील अशी?"

"वीस-पंचवीस. उलगडून परत शिवू, त्यात काय एवढं." फोरमन सांभाळून घेत म्हणाला. मग त्याला हसू आलं. "गंमत सांगू का? मालकांच्या पुतण्यानं हेच पुस्तक वाचायला नेलं होतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं म्हणाला. आणि परत देताना काय म्हणाला माहितीय? फार छान आहे."

मावशी खो खो हसली. "म्हणजे त्यानं नुसती पानं उलटली मेल्यानं!"

पावणेदोन हसला नाही. पुस्तक मांडीवर ठेवून त्यानं ती पानं पुन्हा उलटून पाहिली. पानं मागची पुढं झाली आणि माणूस छान म्हणाला. मग दिवसभर सुई चालत राहिली, पण डोक्यात एकच विचार घोळत होता.

गुण्याच्या त्या 'हो'बद्दल त्याला शंका यायला लागली होती, पण ती त्यानं वरच्या वर झटकली होती. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गुण्याचा 'हो' जिवंत होता. शब्द एकच, पण त्यात कधी 'हॅट, काहीतरीच' असायचं, कधी 'झालं का तुझं रडून' असायचं. एका सिनेमाला पावणेदोननं पावणेतीन म्हटल्यावर गुण्यानं असा काही 'हो' काढला होता आणि डाव्या हातानं असा काही टॉवेल भिरकावला होता, की पावणेदोन खूश होऊन अडीचवर आला. अलीकडे मात्र 'हो' सपाट झाला होता. वेळेवर यायचा, नेमका यायचा. गुण्याची बायको, म्हणजे वहिनी, म्हणायच्या, किती शांतपणे ऐकतात तुमचं. आणि तीच तर भीती होती. गुण्यानं त्याचं शांतपणे कधी ऐकलं होतं?

संध्याकाळी तो गेला तेव्हा वहिनींनी नेहमीसारखं दार उघडलं. "या भावजी. पाणी ठेवलंय गरम." आणि नेहमीसारख्या आत स्वयंपाकघरात गेल्या. बारीक, कमी बोलणारी बाई. वस्तरा धरायची तिला भीती वाटायची, म्हणून दाढीचं काम पावणेदोनकडं आलं होतं.

दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी हातांची खुर्ची, तीत गुण्या. गुडघ्यांवर चादर, चादरीवर उजवा हात, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. खिडकीतून पलीकडच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे ओलीचे डाग दिसायचे. पावणेदोननं त्याच्या गळ्याशी टॉवेल खोचला, ब्रश ओला केला आणि दोन्ही गालांवर साबण फासला.

"काल लिफ्टवाल्याचा पाहिला," तो म्हणाला.

"हो."

"पंचवीस मजली इमारत आहे. हा तिथं लिफ्ट चालवतो. घरी आई. म्हातारी, दमेकरी. एका खोलीत दोघं." त्यानं उजव्या गालावर वस्तरा ठेवला. हात नेहमीचा होता, आवाज मात्र त्याला स्वतःला परका वाटत होता. "तर आई आजारी पडते. हा रजा मागतो, साहेब देत नाही. हा पंचविसाव्या मजल्यावर असतो आणि खाली आई जाते. मेली, गुण्या. आठ-दहा माणसं जमतात, तिला पोचवून येतात. हा घरी येतो तर खोली रिकामी. आईच्या चपला दाराशी तशाच."

"हो."

"गाणं आहे तिथं. लांब आहे. तुला आवडणार नाही."

"हो."

पावणेदोननं वस्तरा टॉवेलला पुसला. उजवा गाल झाला होता. तो समोर येऊन उकिडवा बसला, गुण्याच्या डोळ्यांच्या पातळीला. आणि फर्मे फिरवले.

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याच्या कोटाचं बटण शिवायला बसते. म्हणते, साहेबासमोर असा उसवलेला जाऊ नकोस. डोळ्यांना दिसत नाही तिला, तरी दोरा ओवते. आणि त्याला डबा भरून देते."

गुण्या त्याच्याकडंच बघत होता. डोळे स्वच्छ होते.

"आई बटण शिवते म्हणतोय मी."

"हो."

"कुठली आई, गुण्या? आत्ता पोचवली ना तिला?"

"हो," गुण्या म्हणाला, तितक्याच आवाजात, तितक्याच वेळानं.

पावणेदोननं मगातल्या पाण्यात बोट घातलं. पाणी गार झालं होतं. पाण्याचा मग उचलून तो आत गेला.

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा होता, आणि त्यांचा पाट पडद्याला लागून मांडलेला होता. त्यांनी त्याच्या हातातून मग घेतला, पातेल्यातलं पाणी त्यात ओतलं आणि वर न बघता विचारलं, "भावजी, आई गेली होती ना?"

पावणेदोननं मागं वळून पडद्याकडं पाहिलं.

"मला वाटलं, मीच नीट ऐकलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. बरोबर ऐकलंत. मीच मागचं पुढं केलं." तो म्हणाला. "मुद्दाम."

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हालाही कळलं."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"तुम्ही तापानं आजारी होतात ना, एक सोमवार आला नाहीत. तेव्हा म्हटलं, आपण सांगावा सिनेमा. लग्न झाल्यावर पहिला पाहिला होता आम्ही, तो सांगितला. सगळ्याला 'हो'. मग सहज विचारलं, मी कोण हो तुमची? 'हो'. मग मला काय झालं कुणास ठाऊक. म्हटलं, अहो, तुमची बायको परवा वारली." त्या थांबल्या. "त्यालाही 'हो'च म्हणाले."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली घासत नेत होतं. तो आवाज खाली गेला.

"ताप येऊन तीन महिने झाले वहिनी. तुम्ही बोलला नाहीत."

"बोलले असते तर आला असतात?"

पावणेदोननं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"ज्याच्यासाठी माणूस येतो तोच नाही म्हटल्यावर कशाला यायचं कुणी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. भाजी महागली सांगावं तसा होता. "लेक महिन्यातनं एकदा फोन करते. शेजारीण दारातनं डोकावते, 'बरे आहेत का' विचारते आणि उत्तराआधी निघते. या घरात पूर्ण वाक्यं फक्त सोमवारी बोलली जातात. मी इथं बसून ऐकते. कढई नंतर घासते, आवाज होतो म्हणून."

"मग मी तीन महिने तुम्हाला सांगत होतो म्हणायचं."

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि त्या शब्दाचं त्यांनाच कसंसं झालं. त्यांनी घाईनं पुढं म्हटलं, "आणि खरं सांगू का? तुमची मतं मला पटत नाहीत. ती दोन बहिणींमधली थोरली. भावाला राहतं घर लिहून देते आणि पोरं घेऊन रस्त्यावर येते. तिला तुम्ही डोक्यावर घेतलीत. कसलं चांगलं काम? मूर्ख आहे ती बाई."

"अहो, ती मूर्ख नाही. तिचा स्वभाव..."

सवयीनं तोंड उघडलं गेलं होतं. पावणेदोन मध्येच थांबला. आठ महिने तो ज्या भांडणाची वाट बघत होता ते अचानक पुढ्यात आलं होतं, आणि ते पुढं न्यायचं धाडस त्याला होईना. पडद्यापलीकडं तीस वर्षांचा दोस्त अर्ध्या तोंडाला साबण लावून बसलेला होता. इथं उभं राहून थोरल्या बहिणीवरून वाद घालायचा म्हणजे त्याला पोचवून आल्यासारखं झालं असतं. वहिनींनाही ते कळलं असावं. त्यांनी डोळ्यांवरून पदर फिरवला आणि ओट्यावरचं सांडलेलं पाणी पुसायला घेतलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"हो," बाहेरून गुण्याचा आवाज आला.

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"पुढच्या सोमवारी..." वहिनी म्हणाल्या आणि पुढचं त्यांनी सोडून दिलं.

पावणेदोननं मग उचलला. वाफ त्याच्या चष्म्यावर आली. "दाढी वाढतेच की आठवड्यात," तो म्हणाला.

बाहेर येऊन तो खुर्चीशी उभा राहिला. डाव्या गालावरचा साबण वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. त्यानं ओल्या फडक्यानं ते पुसून काढले, ब्रश गरम पाण्यात बुडवला आणि नव्यानं फेस केला. खिडकीतली भिंत काळवंडत चालली होती.

"वहिनी, दिवा लावा हो. नीट दिसत नाही."

दिवा लागला. वहिनी बटणापाशीच उभ्या राहिल्या.

"मान वर कर," पावणेदोन म्हणाला. गुण्यानं मान वर केली. त्यानं दोन बोटांनी कानापासची कातडी ताणून धरली आणि वस्तरा हळूहळू खाली ओढायला घेतला.